नवीन लायसन्स, जुनी वॅगनआर : २०१८ ची घ्यावी की २०२० ची?

सिंहगडरोडकर
मुलीला नुकतंच लायसन्स मिळालंय. रोज धायरी ते शिवाजीनगर जायचं-यायचं, सोसायटीतलं पार्किंग अरुंद. बजेट चार लाख. दोन वॅगनआर बघून ठेवल्यात, दोन्ही १.० पेट्रोल, व्हीएक्सआय, मॅन्युअल. एक २०१८ ची जुन्या आकाराची, एकच मालक, ४२ हजार किमी, एमएच १२. दुसरी २०२० ची नव्या आकाराची, दोन मालक, ६१ हजार, एमएच ०९, तीस हजारांनी महाग. रनिंग कमी म्हणून पहिलीकडे कल आहे. जाणकारांनी सांगावं.

ग्रीसचे_हात
काका, रनिंगवर जाऊ नका. १ जुलै २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना चालकाची एअरबॅग, सीटबेल्टचा बझर आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) त्याआधी, एप्रिलपासून. २०१८ च्या गाडीत एअरबॅग असेलच असं नाही. स्टीअरिंगच्या मधोमध 'एसआरएस' ही अक्षरं (एअरबॅगची खूण) आणि इग्निशन ऑन केल्यावर मीटरमध्ये एबीएसचा दिवा, दोन्ही बघा. नवशिका माणूस दचकला की ब्रेक मुळापर्यंत दाबतो. ओल्या रस्त्यावर चाकं लॉक झाली की स्टीअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. एबीएस हवं ते यासाठी. माझं मत २०२० ला, पण ती तपासणीत टिकली तरच.

इंजिन दोन्हीत तेच, के१०बी, ९९८ सीसी, तीन सिलिंडर. टायमिंग चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला पट्टा बदलायचा खर्च नाही. मात्र ऑइल वेळच्या वेळी बदललं नसेल तर चेन सैल पडते आणि थंड इंजिन सुरू होताना खळखळ ऐकू येते. म्हणून सकाळी जा, मालकाला आधी गाडी सुरू करू नका म्हणून सांगा आणि पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थोडी थरथर तीन सिलिंडरमुळे असतेच. एसी लावल्यावर डॅशबोर्ड हादरायला लागला तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) गेलेत.

क्लच जरूर तपासा, कारण नवीन हात अर्ध्या क्लचवरच गाडी चालवतो आणि उरलेली प्लेट लवकर संपवतो. चढावर चौथा गिअर, ४० चा वेग, ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज वाढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लच स्लिप होतोय. गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदलतात. तेवढे पैसे किमतीतून कापून मागा.

पंचगंगाकाठ
एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. जुलै २०२१ च्या पुरात तिथल्या बऱ्याच गाड्या पाण्यात होत्या. ही त्यातलीच असेल असं नाही, पण बघून घ्या. चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग धुतलेला असतो, पण रीळात गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातीची रेघ राहते. मग सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडण्यांवरची हिरवट बुरशी, स्टेपनीखालचा गंज. एसी लावून कोंदट वास येतो का बघा. यातलं काहीही दिसलं तर किंमत कितीही उतरवली तरी सोडा, वायरिंगचे बिघाड वर्षानुवर्षं छळतात.

आणि टायर. बाजूच्या भिंतीवर 'डॉट'च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२० म्हणजे २०२० चा तेविसावा आठवडा. मूळचे टायर असतील तर आता चार नव्या टायरांचा खर्च धरा.

फॉर्म_एकोणतीस
टियागोचाही विचार करा. ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या धडकवून सुरक्षा तपासणारी संस्था) चाचणीत वॅगनआरला २०१९ मध्ये दोन तारे मिळाले, टियागोला २०२० मध्ये चार. पण पार्किंग खरोखर अरुंद असेल तर नव्या आकाराच्या वॅगनआरची १६२० मिमी रुंदी आणि उंच सीट नवशिक्याला सोपी जाते, हेही खरं.

सिंहगडरोडकर
२०२० ची सकाळी बघून आलो. बेल्ट स्वच्छ, चेनचा आवाज नाही, टायर जुने. उजव्या फेंडरच्या (पुढच्या चाकावरचा पत्रा) बोल्टवरचा रंग उडालाय. आरसीवर बँकेचं नाव आहे, मालक म्हणतात कर्ज फिटलंय.

ग्रीसचे_हात
बोल्टवर पाना लागलाय म्हणजे फेंडर कधीतरी काढलाय. नुसता फेंडर बदलला असेल तर चालतं. बॉनेट उघडून आतला एप्रन (फेंडरच्या आतला, बॉडीला वेल्ड केलेला पत्रा) दोन्ही बाजूंनी ताडून बघा. कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात. उजवीकडे ते दिसत नसतील किंवा सीलंट हाताने फासलेलं असेल तर धडक आतपर्यंत गेलीय, तेव्हा नको.

फॉर्म_एकोणतीस
कर्ज फिटलं तरी नाव आपोआप जात नाही. बँकेची एनओसी आणि बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ (आरसीवरून बँकेचं नाव काढायचा अर्ज) लागतो. मालकाला आधी ते उतरवायला सांगा, मग फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलायचे अर्ज). थकलेली ई-चलानं त्याच्याकडूनच भरून घ्या. विमा १४ दिवसांत मुलीच्या नावावर करा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जुन्या मालकाचा, तो गाडीबरोबर येत नाही, तेव्हा हप्त्यातला फरक तुम्हाला भरावा लागेल. टोकन द्यायचं ते परिवहनच्या साइटवर बँकेचं नाव गेलेलं दिसल्यावरच.