मदत हवी आहे : क्रूझ आणि प्रेग्नन्सी, चोविसावा आठवडा नक्की कधी धरतात?

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसती वाचतच आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा प्लीज.

तर झालंय असं की सासरची सगळी मिळून आम्ही आठ जणांनी सात रात्रींची क्रूझ बुक केली, आणि बुकिंगनंतर महिन्याभरात कळलं की मी प्रेग्नंट आहे. पहिलंच आहे, जुळं नाही, आत्तापर्यंतचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. सध्या १४ आठवडे पूर्ण झालेत. जहाज निघेल त्या दिवशी मला २२ आठवडे २ दिवस झालेले असतील आणि परत उतरू तेव्हा २३ आठवडे २ दिवस.

कंपनीच्या नियमात लिहिलंय की प्रवास सुरू होताना किंवा प्रवासात कधीही जिचा २४वा आठवडा सुरू होईल तिला घेत नाही. नवरा म्हणतो तेवीस म्हणजे चोवीसच्या आत, कशाला टेन्शन घेतेस. मला मात्र ते वाक्य दहा वेळा वाचूनही खात्री वाटत नाहीये.

त्यात अजून एक घोळ. १२ आठवड्यांच्या स्कॅनमध्ये बाळाचं वय पाळीच्या तारखेपेक्षा ३ दिवस कमी आलं. ती तारीख धरली तर उतरताना मी २२ आठवडे ६ दिवसांची असेन, म्हणजे नियमात अगदी बसते. मग प्रवासासाठी डॉक्टरांकडून जे लेटर घ्यायचं त्यावर ती तारीख चालेल का? आणि विमानात ३६ आठवड्यांपर्यंत बसू देतात मग जहाजानेच काय घोडं मारलंय? जहाजावर तर चक्क डॉक्टर असतो!

कोणी सहाव्या महिन्याच्या आसपास क्रूझला गेलं असेल तर अनुभव लिहा. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, त्याआधी काय काय विचारायचं तेही सांगा.

– निळी छत्री

---

पायवाट

अभिनंदन! आधी त्या वाक्याचं बघू. आपण म्हणतो ना, "तिला पाचवा लागला", म्हणजे चार पूर्ण झाले आणि पाचवा सुरू झाला. अगदी तसंच. २३ आठवडे पूर्ण झाले की त्याच दिवशी चोविसावा लागतो. तू २२ आठवडे २ दिवसांवर निघणार, म्हणजे पाच दिवसांनी भर समुद्रात तुला चोविसावा लागणार. नियमात "प्रवासात कधीही" आहे, सबब तू बसत नाहीस. नवऱ्याला सांग, चोवीस पूर्ण होणं वेगळं आणि चोविसावा लागणं वेगळं.

रॉयल कॅरिबियन, कार्निव्हल, नॉर्वेजियन, प्रिन्सेस अशा बहुतेक मोठ्या कंपन्यांची मर्यादा याच्याच आसपास आहे, फक्त शब्द वेगवेगळे असतात. कुठे "२३ आठवड्यांपेक्षा जास्त नको" असतं, कुठे "२४वा सुरू झालेला नको". त्यामुळे फोनवर विचारून थांबू नकोस, मेल कर आणि त्यात दोन्ही दिवसांचे आठवडे-दिवस लिहून सरळ विचार, मला चढू देणार की नाही. लेखी उत्तर जवळ ठेव.

---

रातपाळी

मी प्रसूती विभागात नर्स आहे. तुझी डॉक्टर नाही, तेव्हा हे फक्त माहिती म्हणून घे.

जहाजावर डॉक्टर असतो हे खरं, पण कशासाठी असतो ते बघ. जहाजावरचा दवाखाना म्हणजे इमर्जन्सी सांभाळायची जागा. ईसीजी, एक्सरे, थोड्या रक्ततपासण्या, मोठ्या जहाजांवर व्हेंटिलेटरसुद्धा, हे सगळं असतं. पण स्त्रीरोगतज्ज्ञ असेलच असं नाही आणि नवजात बाळांचा आयसीयू नसतो. २३-२४ आठवडे म्हणजे बाळ बाहेर जगू शकेल की नाही याची सीमारेषा. त्या काळात बाळ जन्माला आलंच तर पहिल्या मिनिटापासून त्याला त्याच्या मापाची नळी, इन्क्युबेटर, त्यातली ट्रेन्ड माणसं लागतात. आमच्याकडे अशा बाळासाठी हातमोजे घालून चौघं-पाचजण आधीच उभे असतात, आणि ते बाळ तळहातापेक्षा थोडंसंच मोठं असतं. ते जहाजाच्या दवाखान्यात कुठून आणणार? म्हणून रेघ तिथे ओढलीये.

विमानाचं म्हणशील तर ते बहुतेक वेळा काही तासांत कुठेतरी उतरतं. जहाज किनाऱ्यापासून दीड दिवस लांब असू शकतं. हेलिकॉप्टर ठराविक अंतरापर्यंतच येतं, तेही हवा बरी असली तर. नाहीतर जहाज वळवून जवळच्या बंदरात नेतात आणि त्या बंदरात नवजात विभाग असेल याची काय खात्री.

आता तारखेचं. अमेरिकन पद्धतीत ९ ते १३ आठवड्यांच्या स्कॅनमध्ये ७ दिवसांपेक्षा जास्त फरक आला तरच ड्यू डेट बदलतात, ३ दिवसांसाठी नाही. ब्रिटनमध्ये मात्र त्या स्कॅनमधल्या बाळाच्या लांबीवरूनच तारीख ठरवतात. म्हणजे दोन्ही पद्धती आहेत, पण तुझ्या फाइलवर तुझ्या डॉक्टरांनी एकच ड्यू डेट पक्की केलेली असणार, लेटरवर तीच येणार. सोयीची तारीख मागू नकोस. आणि समजा मिळालीच, तरी शिल्लक किती राहते, एक दिवस! वादळामुळे जहाज दोन दिवस उशिरा लागलं तर?

डॉक्टरांना विचारायचं ते असं : वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, गर्भाशयाच्या मुखाची लांबी ठीक आहे का, आधी कधी रक्तस्राव झाला असेल तर त्याचं काय, आणि तुझा ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर प्रवासात रक्त गेलं किंवा पोटाला मार लागला तर काय करायचं. शक्यतो १८ ते २२ आठवड्यांतला ॲनॉमली स्कॅन (बाळात काही व्यंग नाही ना ते बघणारी सोनोग्राफी) उरकूनच नीघ, वार कुठे आहे ते त्यात नीट कळतं.

---

तिसरी घंटा

आमची गोष्ट ऐक मग. आम्ही २१व्या आठवड्यात गेलो होतो, आठवड्यांचा प्रश्नच नव्हता, लेटरही होतं. पण लेटरवर एवढंच होतं की पेशंट प्रवासासाठी फिट आहे. ड्यू डेट नाही, आठवडे नाहीत. (कंपनीचं नाव लिहीत नाही, नियम त्यांचा बरोबरच होता.) काउंटरवरच्या बाईने फाइलमधला स्कॅन मागितला, टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं आणि पेनाच्या टोकाने एकेक आठवडा मोजायला लागली. मी आणि नवरा त्या पेनाकडे बघत उभे, मागे रांग, आमच्या बॅगा आधीच जहाजावर गेलेल्या. मग सुपरवायझर, मग फोन, मग डॉक्टरांकडून फोटो काढून मागवलेलं नवीन लेटर. पाऊण तासाने सोडलं, पण तो पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. आमच्या शेजारच्या काउंटरवरचं एक जोडपं तर परतच गेलं, आणि अशा वेळी पैसे सहसा परत मिळत नाहीत.

त्यामुळे लेटरवर ड्यू डेट, चढताना आणि उतरताना किती आठवडे, गर्भ एक की जास्त, आणि कॉम्प्लिकेशन नाही हे चारही मुद्दे हवेत. सही-शिक्का नीट दिसला पाहिजे.

---

खारा वारा

उलटीबद्दल कोणी लिहिलंच नाही! जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची केबिन घे, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. बाल्कनीच्या नादाने टोकाची, वरची केबिन घेतली की झुल्यावर झोपल्यासारखं होतं. गरगरायला लागलं तर मोबाईल खाली ठेव आणि बाहेर क्षितिजाकडे बघत बस. कानामागे लावायची पट्टी आणि उलटीच्या गोळ्या दुसऱ्या कोणाच्या घेऊ नकोस, आपल्या डॉक्टरांनी दिलेल्याच सोबत ने.

दुसरं म्हणजे पोटाची साथ. नोरोव्हायरस जहाजावर झपाट्याने पसरतो आणि सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवायचे. प्रेग्नन्सीत जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं की कळाही येऊ शकतात. बुफेत तासभर पडून राहिलेलं, कच्चे मासे, स्मोक्ड मासे, न पाश्चराइज केलेलं मऊ चीज हे टाळायचं, लिस्टेरिया नावाच्या जंतूची भीती असते. गरम, समोर शिजवलेलं खायचं. आणि हॉट टबकडे ढुंकून बघायचं नाही, त्यात अंग फार तापतं.

किनाऱ्यावरच्या सहलींत स्कूबा, झिपलाइन, जेट स्की, घोडेस्वारी नाही. बंदर उथळ असेल तर छोट्या बोटीत उतरवतात, लाटांत ती वरखाली होत असते आणि पोटामुळे आपला तोल आधीच बदललेला, तेव्हा हात धरायला माणूस हवा. वाटलं तर सरळ जहाजावरच थांब, सगळे उतरल्यावर डेक रिकामा मिळतो, माझ्या मते तीच खरी सुट्टी.

---

पायवाट

दोन गोष्टी राहिल्या. एक, कोणकोणती बंदरं आहेत ते बघ. झिका विषाणूची साथ असलेला भाग असेल तर गरोदरपणात जाणं टाळायलाच सांगतात. तो डासांमधून येतो तसाच संबंधांमधूनही येतो, म्हणजे तू केबिनमध्ये बसलीस आणि नवरा फिरून आला तरी विषय संपत नाही, मग पुढे बाळंतपणापर्यंत काळजी घ्यावी लागते. मलेरियाचा भाग असेल तर तेही विचार. पिवळ्या तापाची लस जिवंत विषाणूची असते, प्रेग्नन्सीत सहसा देत नाहीत, तेव्हा ती सक्तीची असेल असं बंदर असेल तर आधीच बोल.

दुसरं इन्शुरन्स. पॉलिसीत प्रेग्नन्सी कव्हर्ड आहे एवढं वाचून खूश होऊ नकोस. कॉम्प्लिकेशन कव्हर्ड आहे का, कितव्या आठवड्यापर्यंत, जहाजावरून हलवायचा खर्च आहे का, आणि बाळ तिथेच झालं तर बाळाचा खर्च आहे का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा नाही असं असतं.

---

निळी छत्री

सगळ्यांचे खूप आभार, अपडेट देते.

कंपनीचं उत्तर आलं, पायवाट म्हणाल्या तसंच. २३ पूर्ण झाले की चोविसावा धरतात, मला घेणार नाहीत. डॉक्टरांना स्कॅनच्या तारखेचं चाचरत विचारलं तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तारीख मी ठरवलेली आहे, जहाजाने नाही. विषय संपला. नवरा अजूनही "पण तेवीसच ना" म्हणतोय, त्याला हा धागा वाचायला दिलाय.

मग चौकशी केली तर त्याच कंपनीची चार रात्रींची एक ट्रिप दोन आठवडे आधी निघतेय. निघताना २० आठवडे २ दिवस, उतरताना २० आठवडे ६ दिवस, उशीर झाला तरी भरपूर वाव. ॲनॉमली स्कॅनची वेळ निघायच्या चार दिवस आधीची मिळालीये, त्यात काही निघालं तर जायचं नाही असं आत्ताच ठरवून टाकलंय. लेटरवर तिसरी घंटा यांचे चारही मुद्दे लिहून घेणार आहे. केबिन मधली आणि खालची मिळाली, खिडकी नाही, पण चालेल.

फक्त आम्ही दोघंच तारीख बदलणार होतो. काल रात्री सासूबाई म्हणाल्या, तुला एकटीला कशी पाठवू, आम्हीपण चार रात्रींवालीच घेतो. आता आठही जणांचं बुकिंग बदलायचंय आणि दीर म्हणतायत त्यांना सुट्टी नाही. त्याचा वेगळा धागा काढते.