ई-कचरा प्रकल्पातील स्वयंचलित वाहनांचे सिम्युलेशन: गाड्या किती धराव्यात?

प्रश्न: सुट्टे भाग करण्याच्या टेबलांपासून श्रेडरपर्यंत (तुकडे करणाऱ्या यंत्रापर्यंत) पेट्या नेणाऱ्या चालकविरहित गाड्यांचे संगणकीय प्रतिमान (सिम्युलेशन) मी तयार करत आहे. गाड्या वाढवूनही श्रेडर अधूनमधून रिकामा राहतो, याचे कारण काय असावे?

उत्तर १: प्रथम लिटलच्या नियमाने (सरासरी व्यग्र गाड्या = तासाच्या फेऱ्या × एका फेरीला लागणारे तास) अंदाज घ्यावा. एका फेरीत एक पेटी धरून तासाला ३० पेट्या आणि रिकाम्या परतीसह प्रत्येक फेरीला ६ मिनिटे लागत असतील, तर सरासरी ३ गाड्या सतत व्यग्र राहतात. चार्जिंग आणि वाट पाहणे यांसाठी त्याहून अधिक लागतात. मात्र अरुंद मार्गिकेत गाड्या वाढवल्यास त्या एकमेकींनाच अडवतात.

उत्तर २: माझ्या मते दोष वाहतुकीत नसून आवकेत आहे. टेबलावरचा वेळ आपण स्थिर धरला आहे का? संगणक, दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल यांना लागणारा वेळ फार वेगवेगळा असतो, शिवाय लिथियम-आयन बॅटरी श्रेडरमध्ये गेल्यास आग लागू शकते म्हणून ती आधी काढावीच लागते, आणि चिकटवलेल्या बॅटरीमुळे हा वेळ बराच लांबतो. सरासरीऐवजी प्रत्यक्ष मोजलेल्या वेळांचे वितरण (कोणता वेळ किती वेळा लागतो ते) वापरावे.

प्रश्नकर्ता: वेळ स्थिरच धरला होता. आता प्रकारानुसार नोंदी घेतो.

उत्तर १: सिम्युलेशनच्या सुरुवातीचा अस्थिर कालावधी वगळून वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी (यादृच्छिक संख्यांची मालिका ठरवणाऱ्या सुरुवातीच्या आकड्यांनी) ते अनेकदा चालवावे, एकदाच चालवून गाड्यांची संख्या ठरवू नये.