अनुभव धागा: गाडीवर काय लिहिलंय, आणि का?

बोरीकाठ
मागच्या आठवड्यात आमच्या जुन्या जीपला एचएसआरपी, म्हणजे ती सक्तीची नवी सुरक्षा नंबरप्लेट, बसवून आणली. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी, त्यामुळे सुटका नव्हतीच. बसवणाऱ्या पोराने जुनी पाटी काढून हातात दिली. नंबराच्या वर बारीक लाल अक्षरांत 'माय'. आप्पांनी अमळनेरच्या पेंटरकडून लिहून घेतलेलं. नव्या पाटीवर निळ्यात 'आयएनडी', चकाकणारं अशोकचक्र, लेसरने कोरलेला नंबर. मायला जागाच नाही.

गाडी काली-पिली, अमळनेर-चोपडा प्रवासी फेऱ्यांची. आधी आप्पा चालवायचे, आता धाकटा भाऊ. एकदा आप्पांना विचारलं होतं, देवाचं नाव सोडून माय कशाला? म्हणे, माणूस शिवी देतो ती आईवरूनच. आधी पाटी वाचेल, मग तोंड आवरेल. आजी मात्र रोज पहिल्या फेरीला बोहनी म्हणून खरं भाडं द्यायची. कुठे जायचं नसलं तरी बसायची, पुढच्या फाट्यावर उतरायची आणि पायी परत. आप्पा पैसे नको म्हणाले की दिवसभर अबोला.

तुमच्या गाडीवर काय आहे? कोणी लावलं, का लावलं? ट्रक, ट्रॅक्टर, रिक्षा, फटफटी, सगळं चालेल.

खापरावरची
पहिली! वाचते नंतर, भाकरी तव्यावर आहे.

जिभाऊ अठरावाले
नाना, आजीना किस्सा वाचीसन हासू बी उनं नि डोया बी भरी उनात.

रेडियम आर्ट, जळगाव
हा तर आमच्या पोटापाण्याचा धागा. वडील ब्रशवाले पेंटर, मी कटिंग मशीनवाला. वडील ट्रकच्या फाळक्यावर मोर काढायचे त्याला दिवस लागायचा, मी आता चहा येईपर्यंत दोन काचा करतो. मोर मात्र कोणी मागत नाही.

आमचं कॅलेंडर ऐका. फेब्रुवारीत शिवजयंती, राजमुद्रा आणि भगवा. एप्रिलमध्ये १४ तारखेच्या आधी निळं रेडियम संपतं, मागवून ठेवावं लागतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि दसऱ्याला नव्या गाड्या, तेव्हा आईवडील. निवडणुकीत काय विचारता, सकाळी एक चिन्ह, संध्याकाळी तेच खरवडायला परत.

'का' म्हणाल तर माझ्या बघण्यात माणूस गाडीवर त्याचंच नाव टाकतो ज्याचं देणं लागतो. 'आईची कृपा', 'बाबांची पुण्याई', 'मामांचा आशीर्वाद'. मामांचा आशीर्वाद दिसला की समजायचं डाउन पेमेंट कुठून आलं. आणि पूर्वी कर्जाच्या गाडीवर बँकेचं नाव लिहावं लागायचं. वर मोठ्या अक्षरात आई, खाली बारीक बँक. वडील म्हणायचे, दोन्ही देणी एकाच पाटीवर.

बाकी 'आशीर्वाद' मधला शी दीर्घ लिहिला की गिऱ्हाईक भांडतं. बाकीच्या सगळ्या गाड्यांवर ऱ्हस्व आहे ना, मग आमचाच का वेगळा!

तापीकाठची लेक
रेडियमदादा, मामांचं एकदम खरं 😂

माझा किस्सा. बाबांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या जाळीवर माझं नाव आहे, 'कु.' लावून. माझी मुलगी आता कॉलेजला जाते. सासरची मंडळी माहेरी आली की नणंद तो 'कु.' वाचून हसते. बाबांना किती वेळा म्हटलं खोडा तेवढं. म्हणतात, लगीन तुझं झालं, ट्रॅक्टरचं नाही. भावाचं नाव मागे ट्रॉलीवर आहे, त्यावरून तो अजून बोलतो.

उधनाकर
आमची गोष्ट निराळी. जन्म सुरतचा, गाव शिंदखेडा तालुक्यात. पासिंग जीजे ०५, म्हणजे सुरतचंच. श्रावणात कानबाईच्या सणाला गावी आलो की पोरं ओरडतात, गुजरातची गाडी आली, गुजरातची गाडी आली! आणि सुरतला सोसायटीत आम्ही 'मराठी'. मग मागच्या काचेवर मोठ्ठं टाकलं, 'मना खान्देश'. खाली गावाचं नाव, तालुक्यासकट.

नागपंचमीनंतरच्या रविवारी नवापूरच्या रस्त्यावर बघा कधी. उधना, लिंबायत, पांडेसरा, सगळीकडच्या गाड्या रांगेत आणि सगळ्यांच्या काचेवर आपापलं गाव. मागे एकदा टायर बसला. एक अनोळखी गाडी थांबली, काच वाचून थांबली. शेजारच्या गावचा निघाला. स्टेपनी बदलून दिली आणि जाताना म्हणे, कानबाईचे रोट खायला उशीर व्हायला नको.

जिभाऊ अठरावाले
@उधनाकर कोनता गाव भो? मनी सासरवाडी तठेच शे.

उधनाकर
जिभाऊ, पर्सनलमध्ये सांगतो. सासरवाडी म्हटल्यावर जपून बोललं पाहिजे.

चाळीसगाव टू चाकण
आमच्या गाडीवर 'पाटील' आहे. मी लावलेलं नाही, वडिलांनी लावलं. मला आडनाव काचेवर आवडत नाही. पुण्यात मित्र गाडीत बसताना वाचतात आणि उगाच 'काय पाटील' सुरू होतं. आणि आपल्याकडे पाटील लिहून कळतं तरी काय? मराठा पाटील, लेवा पाटील, गुजर पाटील... ढाब्यावर शेवभाजी वाढणारा काच बघून विचारतो, 'कोणते पाटील भाऊ?' म्हणजे एवढं लिहूनही प्रश्न उभाच.

वडिलांचं म्हणणं, आजोबा दुसऱ्याच्या मळ्यात सालदार होते, त्यांना कोणी आडनावाने हाक मारली नाही. मग मी गप्प बसलो. काढलं नाही अजून, आवडतही नाही अजून.

सातपुड्याखाली
चाळीसगाववाले भाऊ, वडिलांचं बरोबर आहे. आमचा पाडा अक्कलकुव्याकडे. भिल्ल आम्ही. गाडीच्या मागे आमची देवी 'याहामोगी माता' आणि पुढे 'जोहार', म्हणजे आमचा नमस्कार, आहे. पाड्यातली पहिली चारचाकी होती ती. महाशिवरात्रीला तीच गाडी घेऊन देवमोगराच्या जत्रेला गेलो, वीस माणसं बसली की पंचवीस ते देवीला माहीत.

आधी शोरूमवाल्याने स्वतःहून दुसऱ्याच देवाचं स्टिकर लावून दिलं होतं, फ्री म्हणून. आईने विचारलं, आपली कुठे आहे? त्याच दिवशी नंदुरबारला जाऊन करून घेतलं. रेडियमवाल्याला याहामोगी माहीत नव्हती, स्पेलिंग मी उभं राहून सांगितलं. आता त्याच्या मशीनमध्ये सेव्ह आहे, म्हणतो महिन्याला चार-पाच जातात.

रेडियम आर्ट, जळगाव
माझ्याकडेही आहे सेव्ह. पण स्पेलिंग बरोबर आहे का बघायला लागेल, फोटो पाठवा ना भाऊ.

भरीतभाकर
मी फक्त एवढंच विचारायला आलो. मागच्या काचेवर 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे' लिहिलेली गाडी पुढे असते तेव्हा पाठीशी मीच असतो. मग भ्यायचं कोणी?

खापरावरची
हाहाहा. आमच्याकडे पण तेच आहे!! यांना सांगते आता.
भाकऱ्या झाल्या. आमच्या गाडीवर आधी काही नव्हतं. मग नव्या गाडीला पहिल्याच आठवड्यात कोणीतरी घासून गेलं. सासूबाईंनी शनिवारची लिंबू-मिरची-बिब्बा सुरू केली. चौकातला मुलगा दर शनिवारी येऊन जुनी काढून नवी बांधतो. यांचा विश्वास नाही, पण शनिवारी तो मुलगा आला नाही की हेच चार वेळा बाहेर डोकावतात.

वैद्यबुवा यावल
बिब्ब्यावरून सांगतो, बांधणाऱ्या मुलाला हात धुवायला सांगा. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, तोच हात डोळ्याला लागला तर तोंड सुजतं. धोबी कपड्यांवर खूण करायला हेच तेल वापरायचे, धुऊन जात नाही म्हणून. दवाखान्यात वर्षातून एखादा असा पेशंट येतोच आणि आधी ॲलर्जीचं म्हणून खोबरेल लावून बसलेला असतो.

खापरावरची
बापरे. त्याला बाटलीभर पाणी देते आता.

केळीवाला ड्रायव्हर
सावद्याहून माल भरतो. दिल्ली, पंजाब, कधी जम्मू. वाचत होतो, सगळे मालकच बोलताय म्हणून लिहितो.

ट्रकवर दिसतं ते मालकाचं असतं. पुढे कपाळावर मालकाच्या पोरापोरींची नावं, मागे त्यांचा देव. आम्ही मराठीत काही लिहीत नाही, बऱ्हाणपूरच्या पुढे कोण वाचणार. मागे हिंदी, आणि 'हॉर्न ओके प्लीज'. त्यावर २०१५ मध्ये आपल्या राज्यात बंदी आली, उगाच हॉर्न वाजवतात म्हणून. तरी अर्ध्या गाड्यांवर आहेच, आणि नसलं तरी लोक वाजवतातच. खाली बंपरला जुनी चप्पल, ती मात्र ड्रायव्हरची. मालक नवी देत नाही.

ड्रायव्हरचं जे आहे ते केबिनच्या आत. उन्हाची फळी खाली केली की माझ्या बायकोचा पासपोर्ट फोटो आहे, बाजूला मनुदेवी. मालक बदलला तर ते काढून दुसऱ्या गाडीत लावता येतं, रंगवलेलं नाही ना.

बोरीकाठ
दादा, हे लिहिलंत फार बरं केलं. रात्रीचं चालवताना फळी खाली करता का?

केळीवाला ड्रायव्हर
ऊन नसलं तरी करतो 🙂

तापीकाठची लेक
❤️

सारंगखेडा एक्स्प्रेस
आमचे काका दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडा घ्यायला जातात. दरवर्षी भाव करतात, दात बघतात, चाल बघतात, जिलबी खातात आणि परत येतात. शेवटी काकूंनी बोलेरोच्या दोन्ही दारांवर पांढरा घोडा चिकटवून आणला. 'आता घरीच बघा.' काका यंदाही गेले होते.

दोघे भाऊ
आमच्याकडे ट्रॅक्टरवर 'राम' आणि ट्रॉलीवर 'लक्ष्मण' होतं. वडील आणि काका. वाटण्या झाल्या तेव्हा ट्रॅक्टर काकांकडे गेला, ट्रॉली आमच्याकडे. म्हणजे राम धाकट्याकडे आणि लक्ष्मण थोरल्याकडे. आता लक्ष्मण भाड्याने कुणाच्याही ट्रॅक्टरमागे फिरतो. परवा तर 'रावण पार्टी' लिहिलेल्या ट्रॅक्टरला जोडला होता, वडील बघून आत निघून गेले.

वडील आणि काका बोलतात हो एकमेकांशी, तसं काही नाही. पण नाव कोणीच खोडलं नाही.

भरीतभाकर
रावण पार्टी 😂😂 हे कुठल्या गावात?

नियमबोट
थोडं नियमाचं. नंबरप्लेटवर नंबराशिवाय काहीही, माय असो की साहेब, चालत नाही. आधीही चालत नव्हतं. एचएसआरपीत अक्षराचा साचाच ठरलेला असल्याने ४९१२ चं 'पवार' आणि ८०५५ चं 'बॉस' करणाऱ्यांचीही पंचाईत झाली आहे. काळी फिल्म २०१२ पासून सुप्रीम कोर्टाने बंद केली. लाल दिवे १ मे २०१७ पासून मंत्र्यांचेही गेले. मागच्या काचेवर एवढं लिहून ठेवतात की आरशात मागचं दिसत नाही, ते कुठल्याही देवाच्या नावाने असलं तरी धोक्याचंच.

चाळीसगाव टू चाकण
भाऊ तुमच्या गाडीवर काय आहे?

नियमबोट
नंबर.

चाळीसगाव टू चाकण
बस एवढंच?

नियमबोट
पीयूसीचं स्टिकर होतं, पावसात गेलं. … आणि आत डॅशबोर्डवर मुक्ताई आहे. आई दरवर्षी पालखीबरोबर कोथळीहून पंढरपूरला चालत जायची. गुडघे गेल्यावर गाडीने मागे मागे जायची, त्याच गाडीने. ते नियमात बसतं.

जिभाऊ अठरावाले
बोट नका दाखाडू भाऊ, हात जोडा 🙏 राम कृष्ण हरी.

वाघळूची पोर
माझ्या स्कूटीवर काही नाही, भाऊ म्हणतो 'पापाज प्रिन्सेस' लाव. पप्पांनीच हप्ते थकवलेत.

त्या लाल डोळ्यांच्या हनुमानाबद्दल कोणी बोललं कसं नाही? आमच्या कॉलनीत दर तिसऱ्या गाडीवर. कासरगोडच्या करण आचार्य नावाच्या चित्रकाराने २०१५ साली गावातल्या मुलांच्या झेंड्यासाठी काढला होता म्हणे तो. आमच्या आजीला तो आवडत नाही. म्हणते, मारुती माझ्यावर का चिडलाय, मी तर शनिवार करते.

रेडियम आर्ट, जळगाव
सगळ्यात जास्त तोच जातो. आजीला सांगा शांत बसलेला पण आहे, गदा खाली ठेवलेला. दोन महिन्यांत एक गेला, एका शिक्षकाने नेला.

खापरावरची
बोरीकाठ, मग 'माय' आता कुठे लावलं ते सांगितलंच नाही.

बोरीकाठ
भावाने नवीन रेडियम करून मागच्या दारावर लावलं. जुनी पाटी आप्पांनी मागून घेतली आणि गोठ्याच्या दाराला ठोकली. म्हैस चिडकी आहे, दूध काढताना शिव्या खाते, म्हणून असेल.

जिभाऊ अठरावाले
😂😂 आप्पास्ना जवाब नही.

भरीतभाकर
बरं ते सगळं राहू द्या. थंडी पडली की या धाग्यावरच्या सगळ्यांनी एक दिवस जमायचं का? भरीत, कळण्याची भाकरी. प्रत्येकाने आपापली गाडी आणायची, फोटो काढू.

तापीकाठची लेक
चालेल! वांगी बामणोदचीच आणा हं. बाहेरची आणली तर मी परत जाईन.

वैद्यबुवा यावल
वांगी माझ्याकडून. काट्या पण माझ्याकडच्या, कपाशीच्या पऱ्हाट्यांवरच भाजायची, गॅसवर नाही.

उधनाकर
रविवारीच ठेवा, सोमवारी मिल चालू.

केळीवाला ड्रायव्हर
तारीख लवकर सांगा, तेव्हा गाडी कुठे असेल सांगता येत नाही.