प्रकाशाने निरोगी आणि रोगग्रस्त ऊतींतला फरक कळतो, तर बायोप्सी कशासाठी?

प्रश्न (भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी)

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी तोंडातील श्लेष्मल अस्तरावर निळा प्रकाश टाकून मिळणाऱ्या प्रतिदीप्तीचे (प्रकाश शोषून ऊती जो वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात त्याचे) वर्णपट अभ्यासते आहे. निरोगी अस्तराचे आणि बायोप्सीत कर्करोग ठरलेल्या जागांचे वर्णपट बहुतांशी वेगळे पडतात. मात्र मधल्या पट्ट्यात येणाऱ्या कितीतरी जागा पुढे नुसत्या दाहाच्या निघतात. अधिक संवेदनशील कॅमेरा वापरल्याने हे सुटेल, की ही मर्यादा मुळातलीच आहे? आणि प्रकाशाने फरक कळू लागला, तरी बायोप्सी करावीच लागेल का?

उत्तर १ (प्रकाशविज्ञानाचा संशोधक)

कॅमेरा बदलून हे सुटणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रकाशाला रोग दिसत नाही. रक्त, कोलॅजन (ऊतींना आधार देणारे तंतुमय प्रथिन), पेशींची केंद्रके आणि त्यांची मांडणी यांचा त्याच्यावर जो परिणाम होतो तेवढाच आपण मोजतो आणि रोगाचा निष्कर्ष त्यावरून काढतो. निळ्या प्रकाशात निरोगी अस्तर हिरवट उजळते ते मुख्यतः खालच्या कोलॅजनमुळे. कर्करोगपूर्व बदलांत हे कोलॅजनचे जाळे विस्कटते, वरचा थर जाड होतो आणि ती जागा काळवंडते. परंतु दाहातही रक्त वाढते, आणि हिमोग्लोबिन आत जाणारा निळा प्रकाश जसा शोषते तसा बाहेर येणारा हिरवाही शोषते, त्यामुळे दाह झालेली जागाही तशीच काळी दिसते.

कारणे दोन आणि मोजमाप एक, अशी ही स्थिती असल्याने तुम्हाला दुसरे, स्वतंत्र मोजमाप हवे. त्याच जागेवरून परावर्तित झालेल्या पांढऱ्या प्रकाशाचा वर्णपट घ्या, हिमोग्लोबिनच्या ४१५ आणि ५४० नॅनोमीटरजवळच्या शोषणावरून रक्ताचे प्रमाण काढा आणि प्रतिदीप्तीची तीव्रता त्यानुसार दुरुस्त करा. रामन विकिरणातून (रेणूंवरून विखुरताना रंग बदलणाऱ्या प्रकाशातून) रेणूंच्या कंपनांची थेट माहिती मिळते हे खरे, पण सुमारे एक कोटी फोटॉनांत एखादाच तसा विखुरतो, म्हणून प्रत्येक बिंदूला वेळ लागतो.

उत्तर २ (विकृतिशास्त्रज्ञ)

बायोप्सीबद्दल मी सांगते. पेशी अस्तराखालचा आधार-पडदा भेदून खाली उतरल्या आहेत की नाहीत, यावर कर्करोगाचे निदान ठरते, आणि ते काही मायक्रोमीटर जाडीच्या रंगवलेल्या कापात दिसते. परत येणाऱ्या प्रकाशावरून ऊतींच्या आतल्या थरांचे चित्र काढणारी प्रकाशीय सुसंगती टोमोग्राफी १९९१ मध्ये पुढे आली. आज ती डोळ्याच्या दृष्टिपटलासाठी सर्रास वापरली जाते. तिच्यात अस्तराचे थर दिसतात, पण अपारदर्शक ऊतींत ती एक-दोन मिलिमीटरपलीकडे पोहोचत नाही आणि एकेका पेशीचे केंद्रक तपासण्याइतके बारकावे सहसा दाखवत नाही.

तुमच्या मधल्या पट्ट्याविषयी मला आणखी एक शंका आहे. तुमचा वर्णपट काही मिलिमीटर रुंद भागाची सरासरी असेल, तर बायोप्सीचा तुकडा नेमका त्याच भागातून घेतला होता का? तो शेजारून घेतला असल्यास तुमचे काही बिंदू दाहाचे नसून चुकीच्या नावाखाली नोंदले गेलेले असतील. तसेच दाहाचे कारण दूर केल्यानंतर दोन आठवड्यांनीही व्रण टिकला, तर प्रकाश काहीही सांगो, बायोप्सी करायलाच हवी.

उत्तर ३ (मेंदूशल्यचिकित्सक)

निदान आधीच झालेले असते तेथे प्रकाशाचा खरा उपयोग होतो, कारण तेव्हा प्रश्न फक्त गाठीची कड कुठे संपते एवढाच उरतो. उच्च श्रेणीच्या (वेगाने वाढणाऱ्या) ग्लायोमा या मेंदूच्या गाठीत शस्त्रक्रियेपूर्वी काही तास रुग्णाला पाच-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल पाजतात. गाठीच्या पेशींत त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन साठते आणि निळ्या प्रकाशात ते लाल चमकते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ६५ टक्के रुग्णांत स्कॅनवर उजळणारी गाठ पूर्ण काढता आली, तर नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात ३६ टक्के रुग्णांत. तरीही कमी श्रेणीच्या गाठी बहुधा चमकत नाहीत, आणि कडेच्या फिकट गुलाबी भागात कुठे थांबायचे हे त्या जागेवर वाचा किंवा हालचाल अवलंबून आहे का, यावरही ठरवावे लागते.

पुन्हा प्रश्न (विद्यार्थिनी)

मनःपूर्वक आभार. पुढच्या मोजमापांत परावर्तनाचा वर्णपटही घेईन आणि बायोप्सीची जागा आधी खूण करून ठेवण्याची विनंती करीन. निरोगी नमुना त्याच रुग्णाचा घ्यावा, की दुसऱ्या निरोगी व्यक्तीचा?

उत्तर २ (विकृतिशास्त्रज्ञ)

दोन्ही घ्या. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात व्रणापासून दूरचे, डोळ्यांना निरोगी वाटणारे अस्तरही पुष्कळदा बदललेले असते, म्हणून केवळ त्याच्याशी तुलना केल्यास फरक कमी भासेल. उलट केवळ इतरांशी तुलना केल्यास व्यक्तिव्यक्तींतला नैसर्गिक भेद रोग म्हणून मोजला जाईल. शिवाय वर्णपटांवरून रोग ओळखायला संगणकाला शिकवणार असाल, तर एका रुग्णाचे सगळे वर्णपट एकतर प्रशिक्षणाच्या किंवा पडताळणीच्या गटात ठेवा. ते दोन्हींत विभागले गेले, तर संगणक रोगाऐवजी रुग्ण ओळखायला शिकेल.