श्रॉपशायर युनियन कालव्यावरील ३९ क्रमांकाचा पूल: रात्री बोट कोठे बांधावी?

प्रश्न
आम्ही मे महिन्यात भाड्याने नॅरोबोट (लांबट, अरुंद बोट) घेऊन इंग्लंडमधील श्रॉपशायर युनियन कालव्याने दक्षिणेकडून मार्केट ड्रेटनपर्यंत जाणार आहोत. वाटेत ग्रब स्ट्रीटच्या खोल खोदाईवरून ए५१९ हा रस्ता ज्या उंच, ३९ क्रमांकाच्या पुलाने जातो, त्या पुलाच्या कमानीत आणखी एक कमान असून तिच्यावर तारायंत्राच्या तारांचा एक बुटका खांब उभा असल्याचे छायाचित्रांत पाहिले. पहाटेच त्याची छायाचित्रे काढता यावीत म्हणून आदली रात्र पुलाखालीच काढावी, असे मनात आहे. ते योग्य होईल का? आणि ती दुसरी कमान कशासाठी बांधली आहे?

पहिले उत्तर
पुलाखाली मुक्काम करण्याचा विचार सोडून द्यावा. कालव्यावरील पुलांखाली वाट सहसा चिंचोळी असते आणि तीत शिरण्यापूर्वी बोट सरळ करून घ्यावी लागते. पुलाच्या तोंडाशीच कोणी बोट बांधून ठेवली, तर ब्रेक नसलेली आणि उलट्या गियरमध्ये सुकाणूला दाद न देणारी ५०-६० फुटी बोट येणाऱ्याने सावरायची कशी? शिवाय ही खोदाई दाट झाडीची, सावलीची आणि दमट आहे. पहाटेच्या उजेडाचीही तेथे फारशी आशा धरू नये, कारण एवढ्या खोल जागी ऊन पाण्यापर्यंत उशिराच पोहोचते.

पुलाच्या अलीकडे, म्हणजे दक्षिणेला, नॉरबरी जंक्शन आहे. तेथे बोट बांधण्याची सोय आहे, पाणी भरता येते, आणि पूर्वी घोडे ज्या वाटेने बोटी ओढत त्या टोपाथने पुलापर्यंत चालत जाता येते. किती वेळ थांबता येईल, हे काठावरील पाटीवर लिहिलेले असते. ती वाचूनच दोर बांधावा.

दुसरे उत्तर
आतली कमान आधाराची आहे. खोदाईच्या दोन्ही बाजूंची माती आत रेटत असते आणि पुलाचे उंच पाये एकमेकांकडे झुकू नयेत म्हणून ही कमान त्यांच्यामध्ये आडवी ताठ उभी आहे. खांब मात्र नंतरचा आहे. हा कालवा आखणारा थॉमस टेलफर्ड १८३४ साली वारला, तेव्हा इंग्लंडमध्ये विजेच्या तारायंत्राची सेवा सुरूही झाली नव्हती.

माझ्या मते मात्र पुलाहून अधिक पाहण्यासारखा आहे तो नॉरबरीच्या दक्षिणेकडचा शेलमोरचा भराव, ज्याचे छायाचित्र फारसे कोणी काढत नाही. लॉर्ड ॲन्सनने आपल्या शिकारीच्या रानातून कालवा नेऊ दिला नाही, म्हणून वळसा घालून मैलभर लांबीचा उंच भराव घालावा लागला. तो वर्षानुवर्षे घसरत राहिला, आजारी टेलफर्डचे काम विल्यम क्यूबिट या अभियंत्याकडे गेले, आणि कालवा १८३५ साली खुला झाला तो टेलफर्डच्या मृत्यूनंतर.

जाता जाता, पुलाखाली रात्र काढण्याच्या विरोधात आणखी एक कारण सांगतात. जानेवारी १८७९ मध्ये सामान पोहोचवून रात्री परतणाऱ्या एका मजुराच्या घोड्यावर याच पुलाजवळ माकडासारखे काळे काहीतरी झेपावले आणि त्याने मारलेला चाबूक त्याच्या आरपार गेला, अशी कथा लोककथांच्या संग्राहक शार्लट बर्न यांनी नोंदवून ठेवली आहे.

प्रश्नकर्ता
आभार. नॉरबरीलाच थांबू. या कालव्याच्या काठाशी पाण्याखाली दगडी कठडा, म्हणजे आत पुढे आलेली आडवी पायरी, असतो, असे ऐकले. त्याचे काय करावे?

पहिले उत्तर देणारे
तो बऱ्याच ठिकाणी आहे. त्यामुळे बोट काठाला टेकत नाही आणि शेजारून कोणी वेगाने गेले की तळ कठड्यावर आदळत राहतो. झोप लागत नाही. म्हणून या कालव्यावरचे लोक हातगाडीची हवा भरलेली चाके बोट आणि काठ यांच्यामध्ये, पाण्याच्या पातळीला लोंबती सोडतात. आपल्याला भाड्याच्या बोटीवर तशी चाके मिळतात का, हे निघण्यापूर्वीच विचारावे. जेथे काठाला कड्या बसवलेल्या असतील तेथेच थांबणे बरे. कड्या नसतील आणि काठाला लोखंडी पत्रे ठोकलेले असतील, तर खुंट्यांऐवजी पत्र्यामागे अडकणारे आकडे वापरावेत, कारण मऊ मातीतली खुंटी एखाद्या घाईतल्या बोटीच्या ओढीने सहज उपटून येते. पुढचा आणि मागचा दोर बोटीशी काटकोनात न बांधता बाहेरच्या बाजूंना तिरका न्यावा, म्हणजे बोट पुढेमागे सरकत नाही.