‘प्रथिनांचा ऱ्हास’ पटत नाही, ‘मोड’ चालेल का?

मी ठाण्यात नौपाड्याला अकरावी-बारावीला बायो शिकवते आणि दरवर्षी प्रोटीन डिग्रेडेशन, म्हणजे पेशीने प्रोटीनं तोडणं, ह्या शब्दापाशी अडते. मुलांच्या वहीत ‘प्रथिनांचा ऱ्हास’ असं असतं. पण ऱ्हास म्हटलं की आपोआप होत गेलेली घसरण वाटते, त्यात कर्ताच दिसत नाही. पेशीत तसं नसतं ना, उष्णता वाढली की प्रोटीनची घडी बिघडते, मग एचएसपी ७० सारखे शॅपरोन, म्हणजे मदतनीस प्रोटीनं, ती घडी परत बसवून बघतात, नाहीच बसली तर काही एन्झाइम्स त्याला युबिक्विटिन चिकटवतात, हे ७६ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रोटीन, एकाला एक जोडून साखळीच करतात, आणि ती साखळी ओळखून प्रोटिअसोम नावाचं पिंपासारखं यंत्र ते प्रोटीन आत ओढून त्याचे तुकडे करतं. ह्याला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्ची पडतो. निवडून, खर्च करून केलेलं काम आहे हे!

म्हणून ‘मोड’. जुन्या पाटल्या सोनाराकडे मोडीत घालून त्याच सोन्याचं नवीन काहीतरी करतो तसं. तुकड्यांतली अमिनो आम्लं पेशी परत वापरते, आणि युबिक्विटिन तर अख्खं सुटून पुढच्या कामाला लागतं.

प्रतिसाद :
ताई, मला ‘मोड’ वाचून आधी मटकी आठवली. नाम नको, क्रियापद घ्या. पण तिथेही फरक आहे बघा, दागिना मोडीत घालतो किंवा देतो, गाडी मोडीत काढतो. परंपरा मोडीत काढली म्हणजे ती संपलीच, त्यातून परत काही मिळत नाही. तुम्हाला ‘घालणे’ हवंय.

प्रतिसाद :
मी ऐरोलीचा, पण माझं बालपण ठाण्यातल्या जुन्या चाळीत गेलं. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा. शॅपरोन म्हणजे दुरुस्ती आणि युबिक्विटिनची साखळी म्हणजे सी-१ची नोटीस, मुलांना पटकन कळेल. अडचण एकच, पेशी धडधाकट प्रोटीनंही तोडते ना?

मूळ लेखिका :
हो काका, तोडते. सायक्लिन घ्या, पेशी विभाजनात त्याचं काम झालं की ते वेळेवर जावंच लागतं, नाहीतर विभाजन पूर्ण होत नाही. म्हणून तर सोन्याचंच उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं, चांगला दागिनाही आपण मोडीत घालतोच. नोटिशीचं मात्र उद्याच वर्गात सांगते. आणि दादा, तुमचं ‘घालणे’ शंभर टक्के मान्य, हा फरक मी इतकी वर्षं बोलत होते पण कधी लक्षातच आला नव्हता.

आता पुढची अडचण. प्रोटिअसोममध्ये एकेक उलगडलेलं प्रोटीनच शिरतं, बिघडलेली प्रोटीनं एकमेकांना चिकटून बसली की ती दुहेरी पडद्याच्या पिशवीत भरून लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीकडे, जातात, म्हणजे ऑटोफॅजी, ज्यावरच्या कामासाठी जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींना २०१६ चं नोबेल मिळालं. ‘स्वभक्षण’ शब्द मला चालतो, उपाशी पेशी स्वतःचंच खाऊन तगते हे त्यात बरोबर येतं. पण त्या चिकटलेल्या प्रोटीनांना काय म्हणू? ‘गुठळी’ म्हटलं की मुलं रक्ताचीच समजतात, ‘गाठ’ म्हटलं की कॅन्सर. ‘गोळा’ जरा बरा वाटतोय, पण कणकेचा असतो तसा गुळगुळीत वाटतो. कोणाच्या घरात पिठल्यात होतात त्यांना वेगळा शब्द आहे का?

प्रतिसाद :
आमच्याकडे ‘गठुळ्या’ म्हणतात.