ओव्हरफ्लो : सांडवा, ओसंडणे की उतू जाणे?

प्रश्न : ‘धरण ओव्हरफ्लो’, ‘टाकी ओव्हरफ्लो’, ‘बफर ओव्हरफ्लो’, या तिन्हींना एकच मराठी शब्द चालेल का?

उत्तर १ : नाही चालणार. जादा पाणी ठरवून दिलेल्या वाटेनं जातंय की वाट सोडून, ते आधी पाहा. धरण भरलं तर ‘सांडव्यावरून पाणी वाहू लागले’ असं लिहावं (सांडवा म्हणजे जादा पाणी जायला धरणात मुद्दाम ठेवलेली वाट). लोणावळ्याच्या भुशी धरणाला दरवाजे नाहीत, त्यामुळे पाणी माथ्याला टेकलं की आपोआप पायऱ्यांवरून पडतं. हा खरा ओव्हरफ्लो. कोयनेला ६ वक्र दरवाजे आहेत, जायकवाडीला २७. तिथे पुढचा पूर सामावता यावा म्हणून धरण पूर्ण भरण्याआधीच पाणी सोडतात. तो ‘विसर्ग’, आणि तो क्युसेकमध्ये मोजतात (१ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर). साठा ८५ टक्के आणि मथळा ‘ओव्हरफ्लो’ असेल तर मथळा चुकलाय.

उत्तर २ : ‘धरणावरून पाणी गेले’ हे तर बातमीत कधीच सैलपणे लिहू नये. सांडव्यावरून जाणं हे रोजचं काम आहे, भिंतीच्या माथ्यावरून जाणं हे संकट. मातीच्या धरणात माथ्यावरचं पाणी उताराची माती खरवडत नेतं आणि खिंडार पडतं. गुजरातमध्ये मोरबीजवळचं मच्छू-२ धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी असंच फुटलं. या एका शब्दानं खालच्या गावात घबराट होऊ शकते, म्हणून इतका आग्रह.

उत्तर ३ : नदीसाठी ‘दुथडी भरून’ म्हणजे दोन्ही काठांना टेकून. पाणी बाहेर आलं की ‘पात्राबाहेर पडली’. कोल्हापुरात पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. असा आकडा द्यावा, विशेषणाची गरज उरत नाही.

‘उतू जाणे’ उष्णतेनं किंवा फेसानं वर येणाऱ्या वस्तूचं. दूध उतू जातं, टाकी नाही. टाकी भरून वाहते.

उत्तर ४ : संगणकात मात्र ओव्हरफ्लोच राहू द्या. तिथे बहुतेकदा काही बाहेर सांडत नाही. ८ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) चिन्हरहित, म्हणजे ऋण संख्या न ठेवणाऱ्या खान्यात २५५ मध्ये १ मिळवला की ० उरतो. १६ बिटांच्या चिन्हांकित, म्हणजे ऋण संख्याही ठेवणाऱ्या खान्याची कमाल ३२७६७. एरियन-५ रॉकेटच्या ४ जून १९९६ च्या पहिल्या उड्डाणात ६४ बिटांची संख्या अशा १६ बिटांत बसवताना ती मावली नाही, दिशादर्शक यंत्रणा बंद पडली आणि रॉकेट नष्ट झालं. बफर (माहिती तात्पुरती ठेवायची जागा) ओव्हरफ्लो वेगळा : तिथे माहिती शेजारच्या जागेवर चढून तिथलं पुसते. त्याला ‘ओसंडणे’ शोभतं.

उत्तर ५ : प्लंबिंगमध्ये ‘ओव्हरफ्लो’ हे टाकीतलं जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीचंच नाव, आणि गवंडीही तेच म्हणतो. ती नळी आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाखाली हवी, नाहीतर तोंड बुडतं आणि दाब गेला की टाकीतलं पाणी उलट लाइनीत ओढलं जाऊ शकतं. व्यासही मोठा हवा : १ इंची पाइपातून पाणी दाबानं येतं, ओव्हरफ्लोतून नुसत्या उतारानं जातं, त्यामुळे तीही १ इंची ठेवली तर झाकणाखालून पाणी येतं. तोंडाला डासांची जाळी लावा, पण शेवाळ धरलं की साफ करा. नळी थेट ड्रेनेजला जोडू नका, बाहेर दिसेल अशी मोकळी सोडा. पाणी पडताना दिसलं की फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की येणारं पाणी बंद करणारा) बिघडल्याचं लगेच कळतं.